पोचट कणसापासून मायटोजीनोमपर्यंत: गाठमाश्यांचं काम सोलापुरात बसून कसं करायचं

मागच्या पावसाळ्यात माहेरी मोहोळकडं गेले होते तेव्हा काकांनी एक कणीस हातात दिलं. बियाण्यासाठी राखलेला कडवळाचा तुकडा होता, उशिरा पेरलेला, आणि काका म्हणाले, "बघ गं, शिकलीयस ना एवढं, मग सांग दाणा का धरला नाही ते." कणीस दिसायला भरघोस पण बोटांनी दाबलं की नुसतं पोचट, आणि टरफलांच्या टोकाला कुठंकुठं बारीक पांढुरकं कोषाचं कवच अडकलेलं. ते कवच दिसलं की बाकी काही विचारायला नको, ती ज्वारीची मिजमाशी, स्टेनोडिप्लोसिस सॉर्घिकोला. फुलोऱ्यात अंडं घालते, अळी कोवळ्या दाण्यातला रस शोषते, एका दाण्याला एक अळी पुरते आणि तो दाणा गेला.

मी सोलापुरात एमएस्सीच्या मुलामुलींना कीटकशास्त्र शिकवते. दरवर्षी कुणीतरी विचारतं की मॅडम मायटोकॉन्ड्रियल जीनोमवर (मायटोजीनोम, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा गोल डीएनए) प्रोजेक्ट करायचाय, पण आपल्याकडं मशीन नाही, मोठी लॅब नाही, मग कसं जमणार. जमतं. पण गाठमाश्यांच्या बाबतीत एक गोष्ट नेहमीच्या पद्धतीत बसत नाही आणि तिच्यावर नवीन माणूस हमखास अडकतो, मी स्वतः त्यावर दोन महिने घालवलेत, म्हणून हे सगळं एकदा पहिल्यापासून सविस्तर लिहितेय.

आधी कुळ समजून घ्या

गाठमाश्या म्हणजे सेसिडोमायिडी हे कुळ, द्विपंखी गणातलं, माशा-डासांच्या नात्यातलं. दोन-तीन मिलिमीटरचा नाजूक जीव, पंखात शिरा अगदी मोजक्या, मिशा मण्यांच्या माळेसारख्या. आजवर ६,६०० च्या वर प्रजातींची नावं पडलीत पण खरा आकडा कितीतरी मोठा असणार, २०१६ मध्ये डीएनए बारकोडवरून (प्रजात ओळखायला वापरतात तो जीनचा ठरावीक तुकडा) जो अंदाज निघाला त्यात एकट्या कॅनडातच १६,००० च्या आसपास प्रजाती असाव्यात असं आलं. आपल्या देशात एम. एस. मणी यांनी झाडांवरच्या गाठी आणि त्या करणाऱ्या माश्या यांच्यावर आयुष्यभर काम केलं, तरी आजही शेताच्या बांधावरच्या एखाद्या गाठीतून निघालेली माशी बिननावाची असू शकते.

आपल्याकडं भेटणाऱ्या माश्या सांगायच्या तर ज्वारीवरची मिजमाशी, जवसाच्या कळीतली डॅसिन्यूरा लिनी, तिळाच्या बोंडाच्या जागी गाठ करणारी ॲस्फॉन्डिलिया सेसामी आणि आंब्याच्या पानावर पुटकुळ्या आणणारी प्रोकॉन्टॅरिनिया. कोकणातल्या लोकांना भातावरची गादमाशी माहिती असते, ओर्सिओलिया ओरायझी, जिच्यामुळं भाताच्या फुटव्याचा चंदेरी पोंगा होतो. अमेरिकेत गव्हावर हेशियन फ्लाय म्हणून जी कुप्रसिद्ध आहे ती मायेटिओला डिस्ट्रक्टर पण यातलीच.

या कुळात ६ उपकुळं धरतात, त्यातली ५ मुख्यतः बुरशीवर जगणारी आणि एकच, सेसिडोमायिनी, झाडांकडं वळलेलं, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त प्रजाती त्या एकातच. त्यातल्या काही तर मावा आणि कोळी खाणाऱ्या पण झाल्यात. म्हणजे बुरशी सोडून झाड धरलं आणि संख्या फुटली. हे नक्की कसं झालं, एकदा झालं का अनेकदा, कुठल्या फांदीवर झालं, हे बघायला मायटोजीनोमवरून वंशावळीची झाडं काढतात.

प्रश्न आधी, सँपल नंतर

माझ्याकडं येणारी निम्मी मुलं म्हणतात "मायटोजीनोम करायचाय". अरे पण कशासाठी? "ज्वारीवरची आणि रानातल्या गवतावरची माशी एकच का वेगळी" हा प्रश्न असेल तर बारकोडचा एक तुकडा आणि भरपूर ठिकाणचे नमुने लागतील, पूर्ण मायटोजीनोमची गरजच नाही. "आपली आंब्यावरची माशी कुळात कुठं बसते" असा असेल तर मायटोजीनोम उपयोगी. आणि "बायोटाइप (एकाच प्रजातीतले, पिकाच्या वाणांवर वेगवेगळे वागणारे गट) वेगळे ओळखता येतात का" असा असेल तर कंट्रोल रीजनवर, म्हणजे मायटोजीनोमच्या जीन नसलेल्या भागावर, जोर द्यावा लागेल, त्याबद्दल पुढं येतंच. एका वाक्यात प्रश्न वहीत लिहा मगच रानात जा.

नमुने गोळा करणं

एक गैरसमज आधी काढते. सोलापूर म्हणजे रब्बी ज्वारीचं गाव, मालदांडी इथलीच, त्यामुळं मुलांना वाटतं की हुरड्याच्या दिवसात गेलं की मिजमाशी ढिगानं मिळेल. तसं होत नाही. ही माशी पावसाळी हवेत, उशिरा पेरलेल्या खरिपाच्या पिकावर वाढते, आजूबाजूच्या रानात फुलोरा मागंपुढं असला की एका शेतातून दुसऱ्यात पिढ्या वाढत जातात, एक पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. त्यामुळं ऑगस्ट ते ऑक्टोबर, बियाण्याला ठेवलेलं कडवळ, उशिराची खरीप ज्वारी, तिथं बघा. इथल्या रब्बी ज्वारी केंद्रातल्या जाणकारांना आधी विचारलं तर कुठल्या बाजूला यंदा प्रादुर्भाव आहे ते कळतं, उगीच पेट्रोल जाळण्यापेक्षा बरं.

सकाळी लवकर जा. प्रौढ माश्या एक-दोन दिवसच जगतात आणि माद्या सकाळीच फुलोऱ्यातल्या कणसावर अंडी घालतात, नारिंगी पोटाच्या असतात, उन्हं चढली की दिसायच्या बंद होतात. कणसावर प्लास्टिकची पिशवी हळूच घालायची, कणीस झटकायचं, पिशवीचं तोंड आवळायचं. अळ्या बघायच्या असतील तर फुलोरा संपलेलं कणीस घ्या आणि दोन नखांत एकेक दाण्याची जागा दाबा, लालसर नारिंगी रस आला तर आत अळी होती.

चिठ्ठी पेन्सिलनं लिहायची, बॉलपेननं नाही, अल्कोहोलमध्ये शाई पुसते. गाव, तारीख, पीक, झाडाचा भाग, जीपीएस, आणि गाठीचा फोटो नंबर. झाडाचं नाव नक्की नसेल तर फांदी दाबून हर्बेरियम करून ठेवा, कारण या माश्यांमध्ये यजमान झाड हीच अर्धी ओळख असते.

पाळल्याशिवाय पुढं जाऊ नका

गाठ फोडली, अळी काढली, डीएनए केला, असा शॉर्टकट मी पण मारलाय सुरुवातीला. त्यातनं काय आलं, तर वाचलेल्या तुकड्यांची जोडणी व्यवस्थित झाली, गोल जीनोम आला, आम्ही सगळे खूश, आणि ब्लास्ट केल्यावर (साठ्यातल्या ओळखीच्या सीक्वेन्सशी ताडून बघितल्यावर) निघाली गांधीलमाशीच्या जातीतली बारकी परजीवी. अळी माशीचीच होती, पण तिच्या आत परजीवीची अळी वाढत होती आणि तिचा मायटोकॉन्ड्रिया जास्त भरला. मिजमाशीवर ॲप्रोस्टोसेटस आणि युपेल्मस, गादमाशीवर प्लॅटिगॅस्टर, या परजीवी अगदी नेहमीच्या. शिवाय दुसऱ्याच्या गाठीत फुकट राहणाऱ्या गाठमाश्या पण असतात, म्हणजे गाठ एकीची आणि हातात आलेली अळी दुसरीची.

म्हणून नमुन्याचे दोन भाग करा. अर्ध्या अळ्या लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, अर्धी कणसं किंवा गाठी पाळायला. पाळायला रुंद तोंडाची बरणी, वर मलमलचं कापड, खाली ओलसर टिश्यू पेपर. जवसाच्या माशीसारख्या ज्या मातीत कोषात जातात त्यांच्यासाठी तळाला भाजून थंड केलेली बारीक माती टाका. बंद पॉलिथिनच्या पिशवीत गाठी ठेवू नका, आपल्याकडच्या हवेत दोन दिवसांत बुरशी चढते आणि सगळी बॅच जाते, आमची एकदा तिळाची अख्खी बॅच तशी गेली. आंब्याची पानं देठ पाण्यात ठेवून जाळीत ठेवली की जास्त टिकतात, म्हणून नवशिक्यानं आंब्यापासूनच सुरुवात करावी असं माझं मत.

सगळ्या अळ्यांतून माश्या निघणार नाहीत. मिजमाशीच्या काही अळ्या टरफलातच सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या पावसाळ्यात उठतात, कधीकधी त्याहून जास्त काळ पडून राहतात. ती कणसं टाकू नका, कोरड्या जागी कापडी पिशवीत ठेवा.

प्रौढ निघाले की लगेच अल्कोहोलमध्ये आणि फ्रीजरला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४० च्या वर पारा असतो, अल्कोहोल उडतं, लाईट जाते, त्यामुळं ट्यूबला पॅराफिल्म लावा आणि एक जोडी नमुने दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीजरमध्ये ठेवा. खरंच ठेवा.

ओळख आणि व्हाउचर

अळीच्या छातीवर पोटाच्या बाजूला एक तपकिरी चमच्यासारखा भाग असतो, त्याला स्टर्नल स्पॅच्युला म्हणतात, शेवटच्या अवस्थेतल्या अळीत तो बघितला की गाठमाशीची अळी म्हणून बरीच खात्री होते. प्रौढ नराच्या मिशांवर केसांसारख्या वेटोळ्या दिसतात, सर्कमफिला, ती सेसिडोमायिनी उपकुळाची खास खूण. प्रजातीपर्यंत जायला नराचं जननांग स्लाइडवर बघावंच लागतं. स्वतः जमेल तेवढं करा आणि मग पुण्यात आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे, बेंगळुरूला शेतीतल्या कीटकांची राष्ट्रीय संस्था एनबीएआयआर आहे, तिथल्या तज्ज्ञांना दाखवा. नमुने परदेशात पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा २००२ खालची परवानगी आधी बघा, नंतर नाही.

आणि माशी चिरडू नका! अख्खी माशी लायसिस बफर आणि प्रोटीनेज के मध्ये रात्रभर ५६ अंशाला ठेवली की आतलं मांस विरघळतं, बाहेरचं कवच शाबूत राहतं, तेच उचलून स्लाइड करायची. म्हणजे ज्या जिवाचा डीएनए त्याच जिवाचं व्हाउचर, पुराव्याला जपलेला नमुना. दहा वर्षांनी कुणी म्हणालं की ही प्रजाती चुकीची ओळखलीय तर तपासायला ती स्लाइड असते.

डीएनए आणि बारकोड

एका माशीतून फार थोडा डीएनए मिळतो, काही नॅनोग्रॅमच्या घरात. मुलं म्हणतात दहा माश्या एकत्र करू. शक्यतो नको, कारण दहा माश्यांत दोन प्रजाती किंवा एक परजीवी असली की नंतर वेगळं करता येत नाही. आता कमी डीएनएवर लायब्ररी करणारे किट आहेत, सीक्वेन्सिंग करणाऱ्यांना आधीच सांगायचं की लो इनपुट आहे.

पाठवायच्या आधी बारकोड करा. कॉक्स-वन जीनचा ६५८ बेसचा तुकडा, १९९४ पासून वापरात असलेले फोल्मरचे प्रायमर, एलसीओ१४९० आणि एचसीओ२१९८. जेलवर पट्टी फिकी आली तर अनीलिंग ४८ अंशापर्यंत खाली आणून बघा. हा बारकोड दोन कामं करतो, एक तर नमुना माशीचाच आहे ना ते कळतं, आणि नंतर पूर्ण जीनोम जोडला की त्यातला कॉक्स-वन या तुकड्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. जुळला नाही तर काहीतरी गडबड आहे, मग ती सँपल बदलल्याची असो नाहीतर केंद्रकात जाऊन बसलेल्या जुन्या मायटोकॉन्ड्रियल तुकड्याची असो.

सीक्वेन्सिंग आणि जोडणी

इथं सोलापुरात मशीन असायची गरज नाही, पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला खासगी सेवा मिळते. पूर्ण जीनोम खोलवर नको, वरवरचं स्किमिंग पुरतं, दीडशे बेसच्या जोडवाचनांचा १ ते २ गिगाबेस डेटा मागा. हे पुरतं कसं, तर पेशीत केंद्रक एक आणि मायटोकॉन्ड्रियाच्या प्रती शेकड्यांनी, त्यामुळं थोड्या वाचनांतही मायटोकॉन्ड्रियाची खोली आपोआप जास्त येते. हेशियन फ्लायचा केंद्रकातला जीनोमच मुळात १६ कोटी बेसच्या आत आहे, म्हणजे या माश्यांत ते आणखी सोपं पडतं.

फाइल आली की फास्टक्यूसीनं दर्जा बघा, फास्टपीनं ॲडॅप्टर काढा. मग तुकडे जोडणारा गेटऑर्गनेल प्रोग्रॅम, त्यात प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा पर्याय निवडा आणि जोडणी सुरू करायचं बियाणं (सीड) म्हणून तुमचाच बारकोड किंवा जवळच्या गाठमाशीचा जीनोम द्या. नोव्होप्लास्टीनं पण एकदा वेगळं करून बघा, दोन्हीचं उत्तर एकच आलं तर मनाला शांती. लॅपटॉप जुना असेल तर गॅलेक्सी सर्व्हरवर फुकट करता येतं, रात्री लावायचं आणि सकाळी बघायचं.

जोडणी झाल्यावर हे तपासायचंच. दोन्ही टोकं एकमेकांवर चढतात का, म्हणजे रेणू गोल होतो का. सगळी वाचनं परत त्याच्यावर बसवून खोली बघा, एखाद्या ठिकाणी अचानक दुप्पट किंवा शून्य झाली तर तिथं जोड चुकलाय. आणि बाजूला पडलेले बाकीचे तुकडे पण ब्लास्ट करा, त्यात परजीवी, वोल्बाकिया (कीटकांच्या पेशीत राहणारा जिवाणू), झाडाचा मायटोकॉन्ड्रिया, बुरशी, काय काय निघतं. तिळाच्या ॲस्फॉन्डिलियासारख्या माश्यांच्या गाठीत आतून बुरशीचं अस्तरच असतं त्यामुळं बुरशीचे तुकडे आले तर घाबरू नका.

जीनं लावणं, आणि इथंच सगळे अडकतात

नेहमीच्या कीटकाच्या मायटोजीनोममध्ये ३७ जीनं असतात, १३ प्रथिनांची, २ रायबोसोमल आरएनएची आणि २२ ट्रान्सफर आरएनएची (प्रथिन बनताना अमिनो आम्लं आणून देणारे छोटे आरएनए), शिवाय एक कंट्रोल रीजन. तुलनेला ड्रोसोफिला याकुबा घ्या, १९८५ मध्ये पूर्ण झालेला, १६,०१९ बेसचा, कीटकांतली जुनी मांडणी म्हणून सगळे त्याच्याशीच ताडून बघतात.

मायटॉस-टू या जीनं शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तुमचा सीक्वेन्स टाका आणि जेनेटिक कोड ५ निवडा, अपृष्ठवंशीयांचा. हा चुकला तर टीजीए थांबा (स्टॉप कोडॉन) समजला जातो आणि प्रथिनं मध्येच तुटलेली दिसतात, खरं तर इथं टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन. प्रथिनांची जीनं बहुतेक नीट सापडतात, फक्त टोकं हातानं तपासा. कॉक्स-वनची सुरुवात कीटकांत विचित्र असते. थांबा कधीकधी नुसता टी किंवा टीए असतो, उरलेले ए नंतर आरएनएला शेपटी लागताना पुरे होतात. एटीपी-८ आणि एटीपी-६ एकमेकांवर ७ बेस चढलेले असणं कीटकांत नेहमीचं आहे, ती चूक समजून सरळ करायला जाऊ नका.

आता ट्रान्सफर आरएनए. मायटॉस तुम्हाला सांगेल की २२ पैकी काही सापडले नाहीत, जे सापडले ते पण कमी विश्वासाचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं जोडणीच बिघडलीय, परत जोडलं, परत तेच. सीक्वेन्सिंग करणाऱ्यांना मेल केले, पुन्हा डेटा मागवला, दोन महिने त्यात गेले, आणि डेटात काहीच खोट नव्हती.

२००९ मध्ये बेकेनबाख आणि जॉय यांनी दोन गाठमाश्यांचे मायटोजीनोम मांडले, मायेटिओला डिस्ट्रक्टरचा १४,७५९ बेसचा आणि ऱ्होपॅलोमिया पोममचा १४,५०३ बेसचा. दोन्ही लहान, आणि त्यात ट्रान्सफर आरएनएची जीनं जागा बदललेली आणि फार जबर छाटलेली. साध्या ट्रान्सफर आरएनएची घडी तिपानी गवतासारखी असते, तीन बाहू आणि वर देठ. इतर प्राण्यांत सेरीनच्या एका ट्रान्सफर आरएनएला डी-बाहू नसतो, तेवढंच आपण शिकवतो. गाठमाश्यांत टी-बाहूच गायब, आणि देठाची दुसरी बाजू सुद्धा जीनमध्ये पुरी लिहिलेली नाही. मग पेशी प्रथिनं बनवते कशी, तर आरएनए तयार झाल्यावर ते टोक नंतर दुरुस्त केलं जातं, जीनमध्ये नसलेली अक्षरं मागाहून जोडली जातात, असं मानतात. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप आली नाही, इतक्या बारक्या माशीत एवढी मोठी घडामोड!

म्हणून सॉफ्टवेअरला न सापडलेलं ट्रान्सफर आरएनए म्हणजे "नाही" असं लिहू नका. सगळी सॉफ्टवेअर घडी बघून शोधतात, आणि घडीच अर्धी असेल तर ती चुकणारच. हातानं शोधायचं ते असं. प्रथिनं आणि रायबोसोमल आरएनए बसवून झाल्यावर मधल्या ज्या मोकळ्या जागा उरतात त्या कागदावर मांडा, लांबी लिहा. पंचवीस-तीस बेसच्या वरची प्रत्येक जागा संशयित. त्या जागेत दोन्ही धाग्यांवर अँटिकोडॉनचा (कोडॉनशी जुळणाऱ्या तीन अक्षरांचा) बाहू शोधा, म्हणजे ५ जोड्यांचा दांडा आणि त्यावर ७ अक्षरांचं वेटोळं. वेटोळ्यात मधली तीन अक्षरं अँटिकोडॉन, त्याच्या लगेच आधीचं अक्षर जवळपास नेहमी टी, लगेच नंतरचं ए किंवा जी. हा बाहू सगळ्यात शेवटपर्यंत टिकतो म्हणून त्यावरच विश्वास ठेवायचा. तो मिळाला की त्याच्या आधी एक अक्षर सोडून डी-बाहूचा दांडा दिसतो का बघा, तीन-चार जोड्यांचा, आणि त्याच्या आधी देठाची पहिली बाजू.

अँटिकोडॉन जमवताना यादी समोर ठेवा. मिथिओनिनला सीएटी, ट्रिप्टोफॅनला टीसीए, ल्युसीनचे दोन, टीएए आणि टीएजी, सेरीनचे दोन, जीसीटी आणि टीजीए. ए आणि टी या अक्षरांची इतकी रेलचेल असते की खोटे दांडे कुठंही तयार होतात, ए-टीच्या पाच जोड्या योगायोगानं पण जुळतात, त्यामुळं एकट्या तुमच्या जीनोमवर निर्णय घेऊ नका. जवळच्या दोन-तीन गाठमाश्यांचे तेच तुकडे खाली खाली मांडा, खरा ट्रान्सफर आरएनए असेल तर अँटिकोडॉनचा भाग सगळ्यांत टिकलेला दिसेल आणि आजूबाजूचं बदललेलं. एरवी रायबोसोमल जीनांच्या कडा आपण शेजारच्या ट्रान्सफर आरएनएवरून ठरवतो, इथं शेजारीच हललेला असतो म्हणून त्या कडा पण अशाच तुलनेनं ठरवा.

एवढं करूनही एखादा नाही सापडला तर "ओळखता आला नाही" असं लिहायचं. "गमावला" हा शब्द फार मोठा दावा आहे, त्याला आरएनएचा पुरावा लागतो.

कंट्रोल रीजन

इथं एटी फारच जास्त आणि एकामागं एक तेच तुकडे, त्यामुळं छोट्या वाचनांची जोडणी ते दाबून लहान करते. भाताच्या गादमाशीचा मायटोजीनोम २०१५ मध्ये भारतातल्याच संशोधकांनी काढला, आणि त्यात असे पुनरावृत्त तुकडे सापडले जे बायोटाइपनुसार वेगळे होते. आपल्या देशात या माशीचे ७ बायोटाइप मानतात, एका बायोटाइपला भाताचं वाण दाद देत नाही आणि दुसरा तेच वाण खाऊन टाकतो, त्यामुळं हे वेगळं ओळखता येणं शेतकऱ्याच्या कामाचं आहे. तुमच्याकडं तसा प्रश्न असेल तर दोन्ही बाजूंना प्रायमर बसवून तो भाग पीसीआरनं वेगळा काढा, एक्सटेन्शनचं तापमान ६० ते ६५ अंशाला ठेवा, एटी जास्त असलेल्या तुकड्याला ते मानवतं. लांब वाचनाची सोय असेल तर उत्तमच.

एटी टक्केवारी, एटी आणि जीसी स्क्यू, कोडॉनचा वापर, हे आकडे फायलोस्वीटसारख्या प्रोग्रॅममध्ये दहा मिनिटांत निघतात. सगळे पेपरात तक्ते टाकतात, तुम्ही पण टाका, पण त्यावर चार पानं लिहू नका.

झाड काढणं

जेनबँकमधून (सीक्वेन्सचा सार्वजनिक साठा) जेवढ्या गाठमाश्यांचे मायटोजीनोम मिळतात ते उतरवा, आणि बाहेरचा गट म्हणून सायरिडी कुळातले, ब्रॅडिसिया वगैरे, बुरशीवर जगणाऱ्या काळ्या पंखांच्या माश्या. दुसऱ्यांच्या नोंदींवर आंधळा विश्वास नको, त्यांची जीनंही स्वतः एकदा तपासा.

१३ प्रथिनांची जीनं प्रत्येकी वेगळी जुळवा, कोडॉन न मोडता, मॅक्स नावाचा प्रोग्रॅम त्यासाठी चांगला. रायबोसोमल दोन मॅफ्टनं. ट्रान्सफर आरएनए झाडात घालू नका, या कुळात ते इतके छाटलेले आहेत की कुठलं अक्षर कुठल्याखाली ठेवायचं तेच ठरत नाही. मग आयक्यू-ट्रीमध्ये जीन आणि कोडॉनच्या जागेप्रमाणं ३९ भाग करून मॉडेल शोधायला लावा, कमीत कमी १००० अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप आणि सोबत एसएच-एएलआरटी चाचणी, दोन्ही फांदी किती भरवशाची ते सांगतात. ९५ आणि ८० च्या वर दोन्ही आले तर ती फांदी धरायची. मिस्टरबेझनं पण करा, दोन धावांमधला फरक ०.०१ च्या खाली जाईपर्यंत थांबा.

इथं दुसरा सापळा. गाठमाश्यांचा मायटोकॉन्ड्रिया झपाट्यानं बदलतो आणि एटीनं भरलेला आहे, त्यामुळं दोन लांबचे पण वेगानं बदललेले वंश झाडात उगीच शेजारी बसतात. म्हणून तेच झाड तीन-चार पद्धतींनी काढा, एकदा कोडॉनची तिसरी जागा वगळून, एकदा अमिनो आम्लांवर, एकदा फायलोबेझच्या कॅट मॉडेलनं. प्रत्येक वेळी जी फांदी टिकते तीच पेपरात ठामपणे लिहायची, जी हलते तिच्याबद्दल हलते असंच लिहायचं.

झाड वाचताना प्रत्येक टोकापुढं खाद्य लिहा, बुरशी, ज्वारी, भात, आंबा, मावा. मग डोळ्यांनी बघा, बुरशीवाले खाली मुळाजवळ येतात का आणि झाडांवरचे सगळे एका फांदीत बसतात का. डॅसिन्यूरा किंवा कॉन्टॅरिनियाच्या प्रजाती विखुरल्या तर लगेच चूक मानू नका, ही मोठी जीनस म्हणजे वर्षानुवर्षं नीट न बसणाऱ्या माश्या ठेवायची पाटी झालीय, त्या एका वंशाच्या नाहीत असं आधीच्या अभ्यासांतही दिसलंय. आणि मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, म्हणजे सगळी ३७ जीनं मिळून एकच साक्षीदार. केंद्रकातलं २८एस किंवा कॅड जीन जोडीला घेतलं तर दुसरा साक्षीदार मिळतो, प्रोजेक्टमध्ये वेळ असेल तर ते कराच.

जमा करणं

जेनबँकेत किंवा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये कच्ची वाचनं आणि जोडलेला जीनोम दोन्ही जमा करा. तपासणीत ट्रान्सफर आरएनए लहान आहे म्हणून शेरा येईल, तेव्हा ते लांब करून पाठवू नका, मुलं तेच करतात, शेजारच्या जीनातली अक्षरं ओढून आणतात. त्याऐवजी टिपणात लिहा की टी-बाहू नाही, ३′ (थ्री-प्राइम) टोकाला छाटलेला आहे, ओळख अँटिकोडॉनच्या बाहूवरून आणि जवळच्या प्रजातींशी तुलना करून केलीय. सोबत यजमान पीक, गाव, तारीख आणि व्हाउचरचा नंबर भरा. ॲक्सेशन नंबर हातात आला की त्याच दिवशी स्लाइडच्या लेबलवर आणि अल्कोहोलमधल्या चिठ्ठीवर पेन्सिलनं तो लिहून टाका.